पोटगी अडते ती पगारबिलाच्या टेबलावर

प्रति,
राज्यातील सर्व आहरण व संवितरण अधिकारी (पगारबिल काढून पैसे वाटणारे अधिकारी), आस्थापना शाखेतील लिपिक, शाळांचे मुख्याध्यापक आणि खासगी कंपन्यांच्या एचआर व पेरोल विभागांतील मंडळी

सविनय नमस्कार.

पोटगीबद्दल खुलं पत्र लिहायचं म्हटलं की ते न्यायमूर्तींना नाहीतर मंत्र्यांना लिहायचा रिवाज आहे. आम्ही ते तुम्हाला लिहीत आहोत. न्यायालयाने पोटगी मंजूर केली, हुकूमनाम्यावर सही-शिक्का झाला, की बाहेरच्यांना वाटतं काम संपलं. दरखास्ती, म्हणजे हुकूमनाम्याच्या वसुलीचे अर्ज, चालवणाऱ्यांना ठाऊक असतं, की तिथून पुढे कागद तुमच्या आवक नोंदवहीत जातो आणि पुष्कळदा तिथेच मुक्कामाला राहतो. देणारा माणूस पगारदार असेल तर वसुलीचा सर्वांत सरळ रस्ता त्याच्या पगारातून जातो, आणि त्या रस्त्यावरचं फाटक तुमच्या हातात आहे.

बहुतेकांनी हे मुद्दाम अडवलेलं नसतं, हे आम्ही मानतो. असा कागद आल्यावर काय करायचं हे कुणी शिकवलेलं नसतं. ज्याच्या पगारातून कापायचं तो शेजारच्या खुर्चीत बसतो, दुपारी डबा एकत्र उघडतो. मग "जरा थांबा, मी वरच्या कोर्टात गेलोय" एवढ्यावर फाईल बाजूला सरकते. तिकडे भाडं, शाळेची फी आणि किराणा थांबत नाही.

पहिली अडचण सुरू होते ती कागद ओळखण्यापासून. पोटगीचा कागद तुमच्याकडे मुख्यतः तीन वाटांनी येतो. हिंदू विवाह अधिनियम १९५५ च्या कलम २४ खाली दावा चालू असतानाची अंतरिम पोटगी आणि कलम २५ खाली घटस्फोटाबरोबर किंवा त्यानंतर ठरलेली कायमची पोटगी, यांची वसुली दिवाणी हुकूमनाम्यासारखी होते. म्हणजे न्यायालयात दरखास्त दाखल होते आणि दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २१, नियम ४८ किंवा ४८-अ खाली पगार जप्तीचा आदेश निघतो. सरकारी, रेल्वे आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या कर्मचाऱ्यांना नियम ४८, खासगी नोकरदारांना ४८-अ. दुसरी वाट पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ ची. १ जुलै २०२४ पासून तिचा क्रमांक बदलून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ झाला आहे. जुन्या प्रकरणांत १२५ दिसेल, नव्यात १४४. "हे कलमच आता रद्द झालं" असा शेरा मारून कागद परत पाठवू नका. तिसरी वाट २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याची. त्यातलं कलम २०(६) तर थेट तुमच्याशीच बोलतं: सामनेवाल्याने रक्कम भरली नाही, तर दंडाधिकारी त्याच्या मालकाला पगाराचा काही भाग परस्पर त्या स्त्रीला द्यायला किंवा न्यायालयात भरायला सांगू शकतात.

एकरकमी पोटगी ठरली असेल तर तुमचा सहसा संबंध येत नाही. परस्परसंमतीच्या घटस्फोटात ती बहुधा डिमांड ड्राफ्टने शेवटच्या तारखेला हातात दिली जाते. तुमचं काम दरमहाच्या पोटगीचं.

या टेबलावर सगळ्यांत जास्त ऐकू येणारं वाक्य आहे, "घटस्फोट झाला ना, मग आता पोटगी कशाची?" कायद्यात उत्तर उलट आहे. कलम २५ ची पोटगी घटस्फोटामुळेच जन्माला येते. कलम १४४ मधल्या 'पत्नी' या शब्दात पुनर्विवाह न केलेली घटस्फोटित स्त्रीही येते. घटस्फोटित मुस्लिम स्त्रीलाही हे कलम लागू आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १० जुलै २०२४ च्या निकालात पुन्हा स्पष्ट केलं. आणि कलम २४ व २५ खाली मागणारा पतीही असू शकतो. औरंगाबाद खंडपीठाने २०२२ मध्ये नांदेडच्या एका प्रकरणात शिक्षिका असलेल्या पूर्वाश्रमीच्या पत्नीने पतीला दरमहा ३,००० रुपये द्यावेत हा आदेश कायम ठेवला. त्या प्रकरणात थकबाकीपोटी तिच्या पगारातून दरमहा ५,००० रुपये कापून न्यायालयात भरायला शाळेच्या मुख्याध्यापिकेलाच सांगितलं होतं. तेव्हा हा बाई विरुद्ध पुरुष असा मामला नाही. पगारपत्रकावर नाव ज्याचं, कपात त्याची.

आता किती कापायचं. सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून जरा सावकाश.

आदेशात लिहिलेली रक्कम कापायची, हे उघड आहे. प्रश्न मर्यादेचा. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० मध्ये पगाराचा किती भाग जप्तीपासून सुरक्षित, ते दिलं आहे. सोसायटी, सावकार, बँक अशांच्या साध्या हुकूमनाम्यात पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचे दोन-तृतीयांश सुरक्षित. पोटगीच्या हुकूमनाम्यात मात्र फक्त एक-तृतीयांश सुरक्षित. दोन-तृतीयांशापर्यंत जप्ती चालते. दोन्ही सूत्रं एकाच कलमात, एकाखाली एक आहेत, आणि कार्यालयात चालतं ते पहिलं, कारण आजवर पतसंस्थेच्याच जप्त्या आलेल्या असतात.

एक पगारपत्रक घेऊ. ग्रॉस पगार ६०,००० रुपये. भविष्य निर्वाह निधी ५,०००, व्यवसाय कर २००, आयकर १,८००. ही वैधानिक वजावट ७,०००. खाली पतसंस्थेचा कर्जहप्ता २८,००० आणि विम्याचा हप्ता ४,५००. हातात पडतात २०,५००. न्यायालयाचा आदेश आहे दरमहा १४,००० चालू पोटगी आणि ६,००० थकबाकीचा हप्ता, एकूण २०,०००. टिपणी तयार होते: "सदर कर्मचाऱ्यास निव्वळ वेतन रु. २०,५०० इतकेच मिळत असल्याने कपात करणे शक्य नाही." आद्याक्षरांची सही, जावक क्रमांक, विषय संपला.

या टिपणीत दोन चुका आहेत. पहिली, मर्यादा निव्वळ पगारावर मोजायची नसते. कलम ६० मधला पगार म्हणजे दरमहाची एकूण मिळकत. शासनाने अधिसूचनेने जप्तीतून वगळलेले भत्ते असतील तर तेवढे बाजूला काढायचे. या उदाहरणात असा भत्ता नाही असं धरू. ६०,००० चा एक-तृतीयांश २०,००० सुरक्षित, ४०,००० पर्यंत जप्ती शक्य. न्यायालयाने मागितले २०,०००, म्हणजे मर्यादेच्या निम्मे. चुकून साधं सूत्र लावलं तर सुरक्षित रक्कम ४०,३३३ येते आणि जप्तीयोग्य १९,६६७. तेवढ्या ३३३ रुपयांवर बोट ठेवून आदेश परत पाठवायला निमित्त मिळतं.

दुसरी चूक पतसंस्थेला पहिल्या पंगतीला बसवण्याची. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ४९ खाली कर्जहप्ता पगारातून कापून द्यायची जबाबदारी तुमच्यावर असते, हे खरं. पण कर्ज माणूस आपल्या मर्जीने घेतो. पोटगीचा दावा लागल्यावर पतसंस्थेतून मोठ्यात मोठं कर्ज उचलायचं, म्हणजे पगारपत्रकाचा तळ कोरडा दिसतो, ही युक्ती इतकी जुनी आहे की न्यायालयांनाही पाठ झाली आहे. त्यामुळे पोटगी ठरवताना वैधानिक वजावट धरली जाते, ऐच्छिक हप्ते सहसा नाही. आणि १० डिसेंबर २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की पोटगीचा हक्क सन्मानाने जगण्याच्या हक्काचा भाग असल्यामुळे तो धनकोंच्या, अगदी तारण असलेल्या धनकोंच्याही, हक्कांवर वरचढ आहे. म्हणून क्रम असा लावा असं आमचं सांगणं आहे: वैधानिक वजावट, मग न्यायालयाची कपात, मग पतसंस्था. वरच्या उदाहरणात ७,००० आणि २०,००० गेल्यावर ३३,००० उरतात. त्यातून पतसंस्था आणि विमा दोन्ही भागवले तर माणसाच्या हाती ५०० रुपये राहतात. ही ओढाताण खोटी नाही. पण ती सोडवायची त्याने, पतसंस्थेकडून मुदत वाढवून आणि हप्ता कमी करून. मुलांची पोटगी रोखून ती सुटत नाही.

"पंचवीस टक्क्यांपेक्षा जास्त कापता येत नाही" हेही असंच हवेत फिरणारं वाक्य. त्याचं मूळ २०१७ च्या एका निकालात आहे. पतीचा निव्वळ पगार सुमारे ९५ हजार होता, त्याचं दुसरं लग्न होऊन मूल झालेलं होतं, आणि सर्वोच्च न्यायालयाने २३ हजारांची पोटगी २० हजारांवर आणताना निव्वळ पगाराच्या २५ टक्के रास्त ठरतील असं म्हटलं. रक्कम ठरवताना न्यायाधीशांनी वापरलेला तो अंदाज आहे. कपात करणाऱ्याने वापरायची ती कमाल मर्यादा नव्हे.

थकबाकीचा आकडा पाहून पुष्कळांना टंकलेखनाची चूक वाटते. ती नसते. नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातून वर गेलेल्या रजनेश विरुद्ध नेहा या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी ठरवून दिलं, की पोटगी अर्ज केल्याच्या तारखेपासून द्यायची. अर्ज जुलै २०२३ चा आणि आदेश जानेवारी २०२५ चा असेल, तर १४,००० प्रमाणे १८ महिन्यांचे २,५२,००० रुपये आदेशाच्या दिवशीच थकलेले असतात. ६,००० च्या हप्त्याने ते फिटायला ४२ महिने लागतात.

आणि इथेच चोविसाव्या महिन्याची भानगड येते. साध्या हुकूमनाम्यात पगार २४ महिने जप्तीत राहिला की पुढे त्याच हुकूमनाम्यासाठी तो मोकळा होतो. पोटगीच्या तरतुदीला ही अट जोडलेली नाही. तरीही पंचविसाव्या महिन्यात कपात आपोआप थांबते, कारण जुन्या सोसायटीच्या जप्तीत तसंच केलेलं असतं. वरच्या हिशेबात त्याचा अर्थ १८ हप्ते, म्हणजे १,०८,००० रुपये बुडणं. शिवाय चालू पोटगीही बंद. बाईला पुन्हा वकील, पुन्हा दरखास्त, पुन्हा समन्स.

बदलीचा विषय आम्हाला सर्वांत जास्त छळतो. नाशिकहून कर्मचारी लातूरला गेला. सेवार्थ या सरकारी पगारबिलांच्या संगणक प्रणालीतून किंवा शाळेत असेल तर शालार्थमधून नाव एका कार्यालयातून सुटून दुसऱ्यात जोडलं गेलं. बदलीबरोबर जाणाऱ्या अंतिम वेतन प्रमाणपत्रावर घरबांधणी अग्रिम आहे, उत्सव अग्रिम आहे, पतसंस्था आहे. न्यायालयाची वसुली नाही, कारण ती कपातींच्या रकान्यात न भरता कुणीतरी दरमहा हाताने लावत होतं. लातूरच्या लिपिकाला यातलं काहीच कळत नाही आणि तो माणूस आपण होऊन सांगेल अशी आशा नको. वास्तविक नियम ४८ खालचा आदेश कर्मचारी ज्या शासनाच्या किंवा संस्थेच्या नोकरीत आहे तिला बांधतो. एका टेबलापुरता तो नसतो. प्रमाणपत्रावर न्यायालयाचं नाव, दरखास्त क्रमांक, दरमहाची रक्कम, थकबाकीपैकी किती वसूल आणि किती बाकी, एवढं लिहून आदेशाची प्रत जोडा. एक ओळ न्यायालयालाही कळवा, की कर्मचारी अमुक कार्यालयात रुजू झाला. "हे न्यायालय आमच्या जिल्ह्याचं नाही" ही सबब सरकारी नोकरीत तर चालतच नाही. आदेश देणारं न्यायालय कुठलंही असो, नियम ४८ तसा स्पष्ट आहे. खासगी कंपनीच्या बाबतीत मात्र पगार काढणारा अधिकारी त्या न्यायालयाच्या हद्दीत असावा लागतो. नसेल तर गप्प न बसता पगार कुठून निघतो तो पत्ता कळवा, म्हणजे दरखास्त तिकडे पाठवता येते.

राजीनाम्याचंही तेच. खासगी नोकरीत पोटगीचा आदेश आला की महिन्याभरात राजीनामा पडणं नवलाचं नाही. शेवटचा हिशेब करून पैसे देऊन मोकळं होण्याआधी न्यायालयाला कळवा. निवृत्ती जवळ असेल तर तेही कळवा. पोटगीसाठी निवृत्तिवेतनही जप्त करता येतं, असं नागपूर खंडपीठाने २०१९ मध्ये म्हटलं आहे.

कपात थांबवायची कधी? ज्या न्यायालयाने सुरू केली त्याने किंवा वरच्या न्यायालयाने थांबवली तर. वरच्या न्यायालयात अपील दाखल केल्याची पोच म्हणजे स्थगिती नव्हे. स्थगितीच्या आदेशाची प्रमाणित प्रत मागा. नोटरीसमोर केलेला समझोता, "आमचं मिटलं" असं स्टँपपेपरवरचं लिखाण, तिच्या सहीची चिठ्ठी, यांतल्या कशानेही आदेश रद्द होत नाही. तिने दुसरं लग्न केलं किंवा तिला नोकरी लागली, तर रक्कम बदलायची की बंद करायची हे न्यायालय हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम २५ किंवा नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४६ खाली ठरवतं. पोटगी न भरल्याबद्दल माणूस महिनाभर तुरुंगात जाऊन आला, तरी त्या महिन्यांची रक्कम माफ होत नाही; तुरुंग हा वसुलीचा दट्ट्या आहे, फेड नव्हे. हे १९८९ पासून ठरलेलं आहे. एकाच जोडप्याचे दोन आदेश आले, समजा हिंसाचार कायद्याखाली ५,००० आणि कलम १४४ खाली ८,०००, तर स्वतः बेरीज-वजाबाकी करू नका. एकातली रक्कम दुसऱ्यातून वजा करायची का हे न्यायाधीश ठरवतात. दोन्ही न्यायालयांना एकमेकांच्या आदेशाची प्रत पाठवा. जप्तीयोग्य सगळा भाग आधीच्याच न्यायालयीन जप्तीत जात असेल तरच नंतरचा आदेश परत करायचा, तोही आधीच्या जप्तीचा पूर्ण तपशील देऊन. पतसंस्थेचा हप्ता ही न्यायालयीन जप्ती नाही, हे पुन्हा एकदा.

कायद्याने दिलेली एक मुदतही लक्षात असू द्या, कारण तुमच्या दिरंगाईने ती सरते. कलम १४४ खाली थकलेल्या रकमेसाठी वॉरंट हवं असेल तर ती रक्कम देय झाल्यापासून वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. तुमचं कार्यालय "कार्यवाही सुरू आहे" असं म्हणत सात-आठ महिने काढतं, पोटगी मागणारी स्त्री विश्वासाने थांबते, आणि मग तिला कळतं की सुरुवातीच्या महिन्यांसाठी ते दार बंद व्हायला आलं आहे.

कापलेले पैसे पाठवण्यातही गोंधळ कमी नाही. न्यायालयात भरायचे असतील तर ते नाझर शाखेत, म्हणजे न्यायालयाच्या पैशांचा हिशेब ठेवणाऱ्या शाखेत, जमा होतात. सोबत दरखास्त क्रमांक नसेल तर रक्कम तिथे बेवारस पडून राहते, आणि बाई दर तारखेला विचारते, "पैसे आले का?" उत्तर, "आले असतील, पण कुणाचे ते कळत नाही." तेव्हा प्रकरण क्रमांक, दोघांची नावं, कोणत्या महिन्याची रक्कम, त्यात चालू किती आणि थकबाकी किती, आणि बँकेचा व्यवहार क्रमांक, हे प्रत्येक वेळी लिहा. आदेशात तिच्या खात्यात थेट भरायला सांगितलं असेल तर न्यायालयाला फक्त माहिती द्या. तसं सांगितलं नसेल आणि तिचा खाते क्रमांक तुमच्याकडे असेल, तरी आपल्या मनाने थेट भरू नका. तशी परवानगी मागणारं पत्र न्यायालयाला लिहिता येतं.

आयकराचं थोडक्यात. पोटगी कापली म्हणून कर्मचाऱ्याचं करपात्र वेतन कमी होत नाही. मिळालेल्या उत्पन्नातून केलेला तो खर्च आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्येच सांगितलं. टीडीएस पूर्ण पगारावरच काढा.

आता त्या कागदाबद्दल, जो तुम्ही कपातीच्या कितीतरी आधी देता आणि ज्यावर सगळं बेतलेलं असतं: पगाराचा दाखला. न्यायालयाचं समन्स आलं की पुष्कळ ठिकाणी एकच आकडा पाठवला जातो, निव्वळ वेतन. कधी तोही कर्मचाऱ्यालाच विचारून. न्यायालयाला हवा असतो पूर्ण तपशील: मूळ वेतन, महागाई भत्ता, घरभाडे भत्ता, इतर भत्ते, वैधानिक वजावट वेगळी, ऐच्छिक वजावट वेगळी, आणि प्रत्येक कर्ज कोणत्या तारखेला घेतलं. पुढची वेतनवाढ कधी, वेतन आयोगाच्या फरकाचे हप्ते बाकी आहेत का, निवृत्तीची तारीख कोणती. कंपनी असेल तर बोनस, इन्सेंटिव्ह, शेअर यांचाही उल्लेख करा. तिथे दरमहाचा पगार माफक आणि मार्चमधला बोनस भरभक्कम असतो. कर्ज दाव्याआधीचं की समन्स बजावल्यानंतरचं, हे त्या एका तारखेवरून न्यायाधीशांना दिसतं. माहिती अधिकारात पगाराची माहिती द्यावी का, हा वेगळा वाद आहे. न्यायालयाने मागवली तर वाद उरत नाही.

हे सगळं न केल्याने काय होतं, तेही स्पष्ट सांगायला हवं. नियम ४८ आणि ४८-अ दोन्हींत लिहिलं आहे, की आदेशाविरुद्ध पगार दिला गेला तर त्या रकमेला शासन, संस्था किंवा मालक जबाबदार. म्हणजे कर्मचाऱ्याला दिलेले २०,००० रुपये कार्यालयाला पुन्हा भरावे लागू शकतात, आणि ते कुणाच्या चुकीने गेले याची चौकशी मग तुमच्या टेबलापर्यंत येते.

कार्यालयात काही बदलायचं असेल तर तीन गोष्टींपासून सुरुवात करा. न्यायालयाच्या कागदांसाठी आवक नोंदीत वेगळा रकाना ठेवा. कपात पहिल्याच पगारबिलात लावा. बिल कोषागारात गेलं असेल तर पुढच्या बिलात लागेल असं तारखेसह कळवा. आणि न्यायालयाला एवढंच पत्र पाठवा: "आपला आदेश दिनांक अमुक रोजी प्राप्त झाला. अमुक महिन्याच्या वेतनापासून दरमहा रु. अमुक इतकी कपात सुरू केली आहे. कर्मचाऱ्याचे एकूण वेतन, वैधानिक वजावट व निवृत्तीचा दिनांक सोबत जोडला आहे." प्रत कर्मचाऱ्याला द्या आणि एक तिलाही पाठवा. आज ही प्रत मिळवण्यासाठी तिला वकिलामार्फत अर्ज करावा लागतो. विधी सेवा कायद्यानुसार कोणत्याही स्त्रीला तिचं उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो, तेव्हा अर्ज करता येतो हे खरं. पण पाच ओळींच्या पत्रासाठी तो करावा लागू नये.

आपले विश्वासू,
कौटुंबिक न्यायालयांत पोटगीच्या दरखास्ती चालवणारे वकील व समुपदेशक